गेममधल्या तुमच्या कॅरेक्टरचं नाव कुठून आलं?

गिरणगावचा_बदली (रात्री ११:४०)

विषय साधा आहे पण तीन दिवस डोक्यातून जात नाहीये म्हणून इथे विचारतो. ऑफिसातल्या तिघांनी मागे लागून लागून मला वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये ओढलं. सबस्क्रिप्शन भरलं, डाउनलोड रात्रभर चालू ठेवलं, कॅरेक्टर बनवला, दाढी मिश्या सगळं मनासारखं जमलं आणि शेवटी नाव टाकायला गेलो तर नाव गेलेलं. कोणीतरी आधीच घेतलंय. या गेममध्ये एका रेल्मवर, म्हणजे सर्व्हरवर, एक नाव एकालाच मिळतं, दोन ते बारा अक्षरं, आकडे चालत नाहीत, स्पेस चालत नाही, म्हणजे मागे ७ नाहीतर ९९ चिकटवून सुटायची सोय पण नाही. मित्र म्हणतात टाक काहीपण आणि चल पुढे. मला नाही टाकता येत काहीपण.

माझं नाव बदली. रोमनमध्ये पाच अक्षरं. २००५ पासून प्रत्येक गेममध्ये मी बदलीच आहे.

तेव्हा मी दहावीत, काळाचौकीला राहायचो, आणि लालबागला एका गल्लीत सायबर कॅफे होता, आठ मशीन, वीस रुपये तास, पडदा लावून काळोख केलेला. सगळे काउंटर स्ट्राइक १.६ खेळायचे. नाव नाही टाकलं तर गेम आपोआप प्लेयर नाव द्यायचा, दुसरा कोणी तसाच आला की त्याच्या नावाआधी कंसात एक लागायचा, तिसऱ्याच्या आधी दोन. आमच्या बिल्डिंगची पाच पोरांची टीम ठरलेली होती आणि मी सहावा. माझं काम म्हणजे मागे स्टुलावर बसून वाट बघायची, कोणाला क्लासला जायचंय, कोणाच्या आईने गॅलरीतून हाक मारली, की त्याची खुर्ची गरम असतानाच मी बसायचो. कधी दोन तासात दहा मिनिटं मिळायची, कधी काहीच नाही आणि मी चालत घरी.

एक दिवस घरी हे आजोबांना सांगितलं. आजोबा कणकवलीकडचे, अठराव्या वर्षी मुंबईत आले, गाववाल्यांच्या खोलीत पथारी टाकली आणि गिरणीत लागले ते बदली म्हणून. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, बदली कामगार म्हणजे ज्याला स्वतःचा साचा, म्हणजे कापड विणायचा माग, नाही. पाळीच्या भोंग्याआधी गेटवर जाऊन उभं राहायचं, कायम कामगारांपैकी कोणी आला नाही तर त्याच्या जागी आत घ्यायचे, सगळे आले तर परत घरी आणि त्या दिवसाचा पगार नाही. आजोबांनी ऐकून घेतलं आणि मोठ्याने हसले, म्हणाले तू पण बदलीच की रे! मग म्हणाले, गेटवर आम्हाला नावाने कोण हाक मारत नव्हतं, ए बदली, चल आत, एवढंच. बदलीला नाव नसतं.

दुसऱ्या दिवशी कॅफेत माझी पाळी आली तेव्हा प्लेयर खोडून मी तिथे बदली टाइप केलं. त्या दिवशी डस्ट टू नावाच्या मॅपवर तीन जणांना पाडलं आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात तीनदा ते नाव आलं, आणि मागच्या मशीनवरून कोणतरी ओरडला, अरे हा बदली कोण आहे? ते अजून कानात आहे माझ्या.

आजोबा २०११ ला गेले. तेव्हापासून हे नाव माझ्यासाठी अजून वेगळंच झालंय.

तर दोन गोष्टी. एक, तुमच्या कॅरेक्टरचं नाव कशावरून आलं, अगदी खरं काय ते सांगा. दुसरं, माझ्या जागी असतात तर काय केलं असतं?

काकू_ऑन_माइक (रात्री १२:१५)

वाचून अंगावर काटा आला. माझंही सांगते.

मी २७ वर्षांची आहे आणि गेममध्ये माझं नाव काकू आहे. आधी पबजीत माझं खरं नाव होतं. मुलीचं नाव दिसलं आणि माइक ऑन केला की काय होतं ते इथल्या मुलींना सांगायला नको. नंबर दे, गाणं म्हण, कुठे राहतेस, आणि उत्तर नाही दिलं की शिव्या. मॅच राहिली बाजूला. मग मी जवळजवळ वर्षभर माइक बंदच ठेवला. आता स्क्वॉडमध्ये माइक बंद म्हणजे अर्धा खेळ गेला, शत्रू कुठल्या दिशेला आहे ते सांगता येत नाही, टीममेटच्या मागे माणूस उभा दिसतोय आणि आपण नुसतं बघतोय. फार वाईट वाटायचं, आवडणारी गोष्ट चोरून केल्यासारखी.

आमच्या भोईवाड्याच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर एक काकू आहेत, पोळीभाजीचे डबे करतात. मुलं गॅलरीत क्रिकेट खेळायला लागली आणि आवाज वाढला की काकू फक्त दारात येऊन उभ्या राहायच्या. हातात लाटणं, पीठ कोपरापर्यंत. ओरडायच्या नाहीत, एक शब्द नाही. बॉल आपोआप खिशात जायचा. लहानपणी मला वाटायचं आपल्याला असं कधी जमेल. एक दिवस वैतागून रिनेम कार्ड वापरलं आणि नाव टाकलं काकू.

पहिल्याच मॅचला तीन अनोळखी मुलं, आवाजावरून कॉलेजची. माइक ऑन केला आणि म्हटलं, उजवीकडच्या लाल छपराच्या घरात दोघं आहेत. एक सेकंद सगळे गप्प. मग एकजण म्हणाला, काकू तुम्ही झाडामागे थांबा, मी स्मोक टाकतो. थांबा! तुम्ही! त्याच्या पुढच्या मॅचला एकाने स्वतःचं लेव्हल थ्री व्हेस्ट माझ्यासाठी खाली टाकलं. एका नाशिकच्या पोराने तर लॉबीत विचारलं, काकू जेवलात का?

मला माहितीये की बाईला मान मिळायला काकू व्हावं लागतं ही काही चांगली गोष्ट नाही. याचा मी खूप विचार केलाय आणि मला त्याचा रागही येतो. पण माझा आवाज मला परत मिळाला तो त्या नावामुळे, आणि ते नाव मी कुठून घेतलं ते मला माहितीये. २ सप्टेंबर २०२० ला पबजीवर बंदी आली तेव्हा सगळे स्किन गेले, रँक गेली म्हणून रडत होते, मला काळजी नावाची. २ जुलै २०२१ ला बीजीएमआय, म्हणजे पबजीचंच भारतातलं नवं रूप, आलं, जुना डेटा ट्रान्सफर करायची सोय होती, तेव्हा लॉगिन करून मी आधी काय बघितलं असेल तर नाव आलंय का ते. आलं होतं.

खऱ्या काकूंना सांगितलं तेव्हा त्या पोळी उलटता उलटता म्हणाल्या, गोळीबाराच्या खेळात माझं नाव? आणि मग थोड्या वेळाने, बरं, मग हरू नकोस.

बाग (रात्री १२:४८)

मी लालबागचा नाही, शिवडीचा, पण मला बाग म्हणतात कारण माझा मित्र लाल होता. आम्ही दोघं ड्युओ खेळायचो. त्याचं नाव लाल, माझं बाग. कोणी कोणाला मारलं ते स्क्रीनवर दिसतं त्या किल फीडमध्ये दोघांचे किल एकाखाली एक आले की लालबाग लिहून यायचं आणि आम्ही दोघं दोन घरांमध्ये बसून ओरडायचो. त्याने एकदा मला सांगितलं होतं की तू जरा थांबून मार, आधी मी मारतो, नाहीतर उलटं येतं.

मग आमचं वाजलं. कारण सांगण्यासारखं नाही, पैशाचं होतं आणि चूक दोघांची होती. चार वर्षं झाली. तो खेळायचा बंद झाला का दुसरं नाव घेऊन खेळतो मला माहीत नाही. मी अजून बाग आहे. बाहेरचे लोक विचारतात याचा अर्थ काय, मी गार्डन सांगतो. माझ्या इन्व्हेंटरीत एक रिनेम कार्ड पडून आहे, वापरत नाही.

बदली भाऊ, तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. पण काहीपण टाकू नकोस.

वरळी_कोळीवाडा (सकाळी ६:०५)

नमस्कार मंडळी. मी वयाने तुमच्या सगळ्यांपेक्षा मोठा असेन, ५४ चालू आहे. गेम एकच खेळतो, क्लॅश ऑफ क्लॅन्स, मुलाने २०१६ साली मोबाईलमध्ये टाकून दिला. माझ्या गावाचं म्हणजे गेममधल्या गावाचं नाव जलकन्या.

जलकन्या आमची बोट होती. वडिलांनी घेतली, मी चालवली. तिच्या नाळेवर नाव लिहिणारा पेंटर आमच्याच पाड्यातला होता, तो ज ची शेपटी अशी ओढायचा की खाली लाट उठल्यासारखी दिसायची, आणि त्या शेपटीला पांढऱ्यावर निळी दुसरी रेघ. दरवर्षी मासेमारी बंदीत बोट वर ओढली की रंग नवा, पण शेपटी तीच. लांबून येणारी बोट कोणाची ते नाव वाचायच्या आधी मला त्या शेपटीवरून कळायचं.

मासळी कमी झाली, डिझेल परवडेना, खलाशी मिळेनात, शेवटी २०१८ ला बोट विकली. नवीन मालकाने नाव बदलून स्वतःच्या मुलीचं लिहिलं. त्याचा हक्कच आहे, बोट त्याची. पण मी बंदरावर उभा होतो आणि त्याचा माणूस पत्रीने जुना रंग खरवडत होता, आधी कन्या गेलं, मग ल, ज सगळ्यात शेवटी. घरी आलो आणि जेवलो नाही.

गेममध्ये तेव्हा माझं नाव मुलाने टाकलेलं काहीतरी इंग्रजी होतं. त्यात टाउन हॉल पाचचा झाला की एकदा नाव फुकट बदलता येतं, ते मी वापरलं नव्हतं. त्या रात्री वापरलं. मुलाला विचारलं लाटेसारखी शेपटी काढता येईल का, तो म्हणाला बाबा, तसं नाही होत यात.

आता आमच्या पाड्यातल्या पोरांचा क्लॅन आहे, ५० मावतात त्यात ४१ जण आहेत, आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा सगळे घरी म्हणून वॉर जोरात चालतात. पोरं ओरडतात, जलकन्येवर हल्ला झाला, जलकन्या वाचली. हे ऐकायला बरं वाटतं. एवढंच सांगायचं होतं.

आठ_तेरा (सकाळी ८:५१)

ट्रेनमध्ये आहे म्हणून छोटं लिहितो. माझ्या आयडीत शेवटी ८१३ आहे, सगळ्यांना वाटतं बर्थडे. माझे पप्पा बावीस वर्षं आमच्या स्टेशनवरून ८:१३ ची फास्ट पकडतात, त्यांचा ग्रुप आहे, दसऱ्याला डब्याला हार घालतात, आपट्याची पानं वाटतात, एकजण रिटायर झाला तेव्हा डब्यातच नारळ आणि शाल दिली. टाइमटेबल बदललं, ती गाडी आता ८:०९ ला येते. पप्पा अजून ८:१३ च म्हणतात आणि पकडतात बरोबर. मी पण आकडा बदलला नाही.

वरळीवाले काका, तुमचं वाचून मला उतरायचं स्टेशन गेलं.

ज्ञानदाचा_दादा (दुपारी १:२०)

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे त्यामुळे आधी कामाचं बोलतो मग माझं सांगतो.

बदली, तुझ्याकडे रस्ते आहेत. सगळे गेम नावाकडे एकसारखं बघत नाहीत. स्टीमवर एकाच नावाचे हजार लोक असू शकतात कारण खरी ओळख मागचा नंबर असतो, नाव म्हणजे नुसती पाटी. व्हॅलोरंट बनवणाऱ्या रायटवाल्यांनी मधला मार्ग काढलाय, नाव आणि त्यामागे तीन ते पाच अक्षरांचा टॅग, दोन्ही मिळून एकमेव असलं की झालं, म्हणजे व्हॅलोरंटमध्ये तू बदली असू शकतोस आणि टॅग लालबागचा. वॉरक्राफ्ट जुन्या वळणाचा, २००४ चा गेम, तिथे नाव हाच पत्ता. त्यात लोक एक युक्ती करतात, रोमन ए च्या डोक्यावर तिरपी रेघ देतात. दिसायला जवळजवळ तेच आणि गेमच्या दृष्टीने वेगळं नाव. पण मला विचारशील तर नको करूस, तुला हाक मारणाऱ्याला ती रेघ कीबोर्डवर सापडणार नाही.

त्यापेक्षा एक कर. नाव हाच पत्ता असेल तर त्या पत्त्यावर पत्र टाक. तात्पुरतं काहीतरी नाव देऊन कॅरेक्टर बनव, गावात पोस्टाची पेटी असते, तिथून बदलीच्या नावाने पत्र जातं, पोस्टेज ३० कॉपर, म्हणजे गेममधली चिल्लर, थोडं खेळलास की तेवढे जमतात. तो माणूस कोण आहे ते तरी कळेल. कदाचित गिरणगावचाच निघेल.

आता माझं. धाकटी बहीण ज्ञानदा, तिच्यासाठी मी कॉलेजात असताना एका छोट्या ब्राउझर गेममध्ये अकाउंट काढलं, ती दुसरीत होती आणि तिचा हट्ट की नाव मराठीत हवं. नावाला मर्यादा सहा अक्षरांची. ज्ञानदा तीन अक्षरी नाव, मी म्हटलं आरामात बसेल. बसेना. ज्ञ येतो, काना येतो, न येतो, द येतो आणि शेवटचा काना आत घेत नाही. ज्ञानद. ती रडायला लागली, माझा काना दे म्हणून.

त्या दिवशी मी पहिल्यांदा युनिकोड काय असतं ते शोधून वाचलं. आपल्याला ज्ञ एक अक्षर दिसतं पण कॉम्प्युटरसाठी ते तीन आहेत, ज, हलन्त आणि ञ. मग काना, न, द, काना. एकूण सात. आणि जिथे मर्यादा अक्षरांची नसून बाइटची असते तिथे तर अजून वाईट, यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे तीन अक्षरी ज्ञानदाला एकवीस. इंग्रजीत पीटर लिहिणाऱ्याला पाच पुरतात. गेम लिहिणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं, त्याच्या डोळ्यासमोर आपण नव्हतोच, आणि तेच मला लागलं. मी आज फॉर्म बनवतो, रोज बनवतो, आणि नावाची मर्यादा ठेवताना चाचणी म्हणून सगळ्यात आधी ज्ञानदा टाकून बघतो. माझ्या टीममधल्या तमिळ आणि बंगाली पोरांना त्यांच्या आजीचं नाव टाकायला सांगतो. चौकटी दिसल्या किंवा शेवटची मात्रा कापली गेली तर फॉर्म पुढे जात नाही.

गेममध्ये मी तेव्हापासून नाव घेतलं काना. बहीण आता बावीसची आहे, कधीकधी एकत्र खेळतो, मी मेलो की ती ओरडते, माझा काना गेला.

काकू_ऑन_माइक (दुपारी १:४४)

काना!! किती गोड आहे हे. बदली, पत्र टाक नक्की, आणि इथे येऊन सांग.

बाग (दुपारी ३:१०)

पत्रात लिहायचं काय पण? माझं नाव परत दे?

ज्ञानदाचा_दादा (दुपारी ३:३२)

नाही रे. तुझं नाव कुठून आलं ते सांग, माझं असं आलंय. इथे जे विचारलं तेच तिथे विचारायचं.

गिरणगावचा_बदली (चार दिवसांनी, रात्री १०:०२)

सगळ्यांना आधी मनापासून थँक्स, प्रत्येक उत्तर दोनतीनदा वाचलंय. आता काय झालं ते सांगतो, जरा मोठं होईल.

पत्र टाकलं. इंग्रजीत लिहिलं, आजोबा, गिरणी, गेट सगळं चार ओळीत बसवलं. परवा उत्तर आलं. बदली नावामागे एक बाई आहे, बनारसची, शिक्षिका आहे. हिंदीत बदली म्हणजे ढगाचा छोटा तुकडा, आणि तिच्या आईने तिचं घरातलं नाव बदली ठेवलं कारण ती जन्मली त्या दिवशी खूप दिवस वाट बघायला लावून पाऊस आला. तिचा कॅरेक्टर शमन आहे, टीममधल्या लोकांना बरं करणारा, आणि त्याच्याकडे हीलिंग रेन नावाचा मंत्र आहे, जखमी लोकांच्या अंगावर पाऊस पाडायचा की ते बरे होतात. म्हणून शमन घेतला म्हणाली. तिने स्वतःहून लिहिलं की तुमच्या आजोबांसाठी मी नाव बदलू शकते. मी लगेच नको लिहिलं. ती जन्मापासून बदली आहे, मी दहावीपासून.

पण मग माझं काय, ते तसंच होतं. काल रविवारी पप्पांना हा धागा वाचून दाखवला, पहिल्यापासून. पप्पांना गेम वगैरे काही कळत नाही पण जलकन्येच्या वेळी चष्मा काढून पुसला त्यांनी. माझं वाचून झालं तर म्हणाले, तुला आजोबांनी बदलीचंच सांगितलं, कायम झाले ते नाही सांगितलं?

मला माहीतच नव्हतं. मला वाटायचं ते शेवटपर्यंत बदलीच होते.

१९७१ ला आजोबा कायम झाले. पप्पा तेव्हा अकरा वर्षांचे. बारा-तेरा वर्षं गेटवर उभं राहिल्यावर साचे खात्यात स्वतःचे साचे मिळाले. त्या दिवशी पेढ्यांचा पुडा घेऊन आले आणि चाळीच्या प्रत्येक दारात स्वतः जाऊन पेढा दिला आणि प्रत्येक दारात एकच वाक्य, मी कायम झालो. पप्पा म्हणतात मी मागे मागे फिरत होतो आणि बावीस वेळा ऐकलं. दुसऱ्या दिवशी भोंगा झाल्यावर आरामात निघाले, मुद्दाम, कारण आता आधी जाऊन गेटवर उभं राहायची गरज नव्हती.

आणि मग १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर, डॉक्टर दत्ता सामंत नेते, आज सुटेल उद्या सुटेल करत संप कधी सुटलाच नाही. आजोबांना परत बोलावलं नाही. अकरा वर्षांचं कायमपण गेलं. त्यानंतर ते बदलीचे किस्से हसून सांगायचे पण कायम हा शब्द घरात काढला नाही, असं पप्पा म्हणाले. मग उठून कपाटाच्या वरून पत्र्याची पेटी काढली, आजीच्या लुगड्याखाली प्लॅस्टिकच्या पिशवीत एक कागद, घडीवर फाटलेला, गिरणीचा शिक्का, खाली आजोबांची सही. त्यांना सहीपुरतंच लिहिता यायचं, प्रत्येक अक्षर सुटं सुटं, शाळेतल्या पोरासारखं दाबून काढलेलं, मागून हात फिरवला तर अजून लागतं. दोन वर्षांपूर्वी घर आवरताना मी ही पेटी भंगारात द्यायला निघालो होतो.

रात्री लॉगिन केलं. तात्पुरता कॅरेक्टर डिलीट केला. नवीन बनवला, वॉरियर, ढालवाला, सगळ्यांच्या पुढे उभा राहून मार खाणारा. नावाच्या जागी रोमनमध्ये पाच अक्षरं टाकली, कायम. एंटर मारताना हात थरथरत होता माझा. नाव कोणी घेतलेलं नव्हतं.

काउंटर स्ट्राइकमध्ये मी बदलीच राहणार, ते नाव त्या कॅफेचं आहे. इथे कायम.

वरळी_कोळीवाडा (रात्री १०:२०)

तो कागद लॅमिनेट करू नका, जुना कागद त्यात खराब होतो. चांगल्या जाड कागदात सपाट ठेवा आणि पावसाळ्यात पेटी भिंतीपासून लांब. माझ्या वडिलांचं लायसन मी तसंच ठेवलंय.

बाग (रात्री १०:२६)

मी आत्ता लालला मेसेज टाकला. फक्त एवढंच की तुझं गेममधलं नाव अजून तेच आहे का. एक टिक आहे अजून.

आठ_तेरा (रात्री १०:२९)

कायम भाई, बनारसच्या बदलीबरोबर खेळलास का मग?

गिरणगावचा_बदली (रात्री १०:३३)

आत्ताच तिचा निरोप आला, पहिल्या डंजनला, म्हणजे टीमने मिळून खेळायच्या मोहिमेला, नेते म्हणतेय. बदली मागून पाऊस पाडणार आणि कायम पुढे उभा राहणार. पप्पा खुर्ची घेऊन शेजारी बसलेत, कायम कुठला ते मला दाखव म्हणून.

लालचं काय झालं ते सांग रे बाग.

काकू_ऑन_माइक (रात्री १०:३४)

जा जा. जेवून बसा दोघं पण.